डोंगरवाटेचा धनी कोण?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पेण, रोहा, माणगावकडच्या डोंगरांवर शहर लोटतं, आणि त्यामागोमाग दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. पर्यटकांना शिस्त नाही, प्लास्टिक टाकतात, दारू पिऊन धबधब्यात उतरतात, रीळ काढण्याच्या नादात कड्यावरून कोसळतात. उपायही ठरलेले आहेत: कचऱ्याचे डबे, सूचनाफलक, जबाबदार पर्यटनाच्या शपथा. देवकुंडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदीहुकूम निघणं आता नेमाचंच झालं आहे. यातलं काही खोटं नाही. तरीही ही सगळी चर्चा मला उथळ वाटते. तिच्या बुडाशी एक समजूत आहे आणि ती कोणी तपासत नाही. डोंगर रिकामा आहे, निसर्गाने तो मांडून ठेवला आहे, आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्याने नीट वागलं की झालं, अशी ती समजूत.

माझं म्हणणं वेगळं आहे. या डोंगरांवरचे गवताळ माळ आणि तिथवर नेणाऱ्या पाऊलवाटा माणसांच्या श्रमाने घडल्या आहेत आणि त्याच श्रमाने टिकल्या आहेत. हे श्रम करणाऱ्यांचा त्या जागेवरचा हक्क जितका पक्का, तितकीच आपली भटकंतीही पक्की. तो हक्क गेला की थोड्याच वर्षांत आपल्यालाही तिथे पाय ठेवता येणार नाही. म्हणून भटकंतीचा प्रश्न आधी जमिनीचा आहे, शिस्तीचा त्यानंतर.

१. वाट पडते कशी, टिकते कशी

अवचितगडाला मेढ्याहून चढा, घेरासुरगडाहून सुरगडावर जा, नाहीतर पेणजवळची सांकशी गाठा. वाटेत पाऊलवाटांचं जे जाळं लागतं ते गड बघायला येणाऱ्यांसाठी पडलेलं नाही. गडाकडे जाणारी वाट त्यातली एखादीच असते. बाकीच्या वाटा गवताकडे, झऱ्याकडे, नाचणीच्या तुकड्याकडे, देवाच्या ठाण्याकडे, पलीकडच्या वाडीकडे जातात. नवखा माणूस चुकतो तो याचमुळे.

या वाटांचं एक वर्ष असतं. आश्विनात गवत कमरेला लागतं आणि वाट दिसेनाशी होते. भात कापून, झोडून झालं की माणसं गवताला वर जातात. जाताना वाटेवर आलेली कारवी आणि करवंदीच्या फांद्या कोयत्याने छाटतात, पावसात घसरलेले दगड बसवतात. या कामाला कोणी वेगळं नाव देत नाही आणि त्याची मजुरीही कोणी मोजत नाही. गवत खाली आणायचं तर ते करावंच लागतं. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही, पायाखालचंही नीट दिसत नाही. म्हणून भाऱ्याची वाट कधी उतारावर सरळ कोसळत नाही. ती आडवी घेत घेत उतरते. वळणावर कमरेच्या वर येणारा एखादा दगड सापडतो. त्यावर भारा टेकवायचा, दम खायचा आणि कोणाची मदत न घेता तो पुन्हा डोक्यावर घ्यायचा. शहरातून आलेल्याला जी चढण सोपी वाटते, ती पुष्कळदा ही भाऱ्याची वाट असते. तिची सोय कोणाच्या मानेने आणि गुडघ्यांनी आखली आहे, हे चढणाऱ्याला कळत नाही.

कोकणातल्या भातशेतीचा हिशेब खाचरात संपत नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. भाताचं रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर पालापाचोळा, गवत, फांद्या, शेण पसरून राब भाजायचा, ही इथली जुनी रीत. राबाचा पाला आणि गुरांचा चारा वरकस जमिनीतून, म्हणजे डोंगरउतारावरून यायचा. खाली भात पिकावं म्हणून वरचा डोंगर राखायचा आणि राखायचा म्हणून तिथे जायचं. वाटा त्या जाण्यायेण्यातून पडल्या.

आता घरात सिलिंडर आला, मोळी कमी झाली. नांगराचे बैल गेले, पॉवर टिलर आला. गुरं घटली तसं गवत कापून आणणं परवडेनासं झालं. बाईच्या डोक्यावरचा भार उतरला याचा आनंदच आहे. तो पुन्हा तिच्या डोक्यावर चढावा असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याचा परिणाम डोंगरावर दिसतो. दोन-तीन पावसाळे कोणी गेलं नाही की रानमोडी आणि घाणेरी वाट गिळून टाकतात. मग गट रस्ता चुकतात, दगडांवर रंगाचे बाण काढतात, आणि पूर्वी या खुणांची गरजच का पडत नव्हती हा प्रश्न कोणाला पडत नाही.

२. माळ रिकामा नसतो

भर उन्हाळ्यात पेणच्या पूर्वेकडचे डोंगर पिवळे, उघडे दिसतात. सरकारी नोंदींत अशा जागा सहजपणे पडीक ठरतात. पर्यटकाच्या लेखी त्या चार महिने हिरव्या आणि आठ महिने निरुपयोगी. दोघांचीही नजर अपुरी आहे. पहिला पाऊस पडला की पेणच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडांचा छोटा वाटा. शेवळं घशाला खाजतात, ती खाज काकडांच्या आंबटपणाने जाते, म्हणून दोन्ही एकत्रच विकायची. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. यातली कुठली भाजी कोणत्या उतारावर, कोणत्या पंधरवड्यात, किती खुडायची म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा मिळेल, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी तो माळ वर्षभर भरलेला असतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दिवाळीनंतर त्यातली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे डोंगर त्यांना जगवतो तो नेमक्या त्याच चार महिन्यांत, ज्यांत आपण तिथे गर्दी करतो.

जगातही माळरानांची गोष्ट याहून निराळी नाही. अमेरिकेच्या मध्यभागी उंच गवताचा जो अफाट प्रदेश होता, त्यातला आज ४ टक्क्यांहूनही कमी उरला आहे. कॅन्सास राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये १९९६ साली त्याचा एक तुकडा राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाला. लोक तिथे चालायला, क्षितिजापर्यंतचं गवत बघायला जातात. ते गवत गवत म्हणून टिकावं यासाठी व्यवस्थापनाला ते ठरवून जाळावं लागतं, जनावरांना चारावं लागतं. नाहीतर झाडोरा चढतो आणि माळ संपतो. हेच काम पूर्वी कान्झा, ओसेज यांसारखे तिथले मूळ लोक करत होते. त्यांना हुसकावलं गेलं आणि त्यांच्या हातांनी राखलेल्या भूमीला नंतर लोक अस्पर्श निसर्ग म्हणू लागले.

आपल्याकडचं उदाहरण फणसाडचं. रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेलं हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. दाट जंगल, त्यात मधूनमधून उघडे माळ, पाणवठे, शेकरू, गिधाडं. त्याआधी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. म्हणजे या भागात मौजेसाठी रानात जाणं ही गोष्ट आपण समजतो तितकी नवी नाही. त्या मौजेची पहिली अटच इतरांनी तिथे येऊ नये ही होती. नवाबाच्या मनाईमुळे जंगल वाचलं हे मान्य करायला हवं. पण ते वाचवण्याची किंमत गुराख्याने आणि मोळीवालीने मोजली, हेही त्याच दमात मान्य करायला हवं.

३. आनंदाखालचा इतिहास

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला जाणारे बहुतेक जण तिला बारमाही खळाळणारी नदी समजतात. तो खळाळ येतो टाटांच्या भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याचा, आणि ते पाणी येतं घाटावरच्या मुळशी धरणातून. पाणी सुटतं त्या वेळेवर बोटी सुटतात. भिऱ्याचं केंद्र १९२७ साली सुरू झालं. त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, ज्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव मिळवून दिलं, तो हरला आणि गावं पाण्याखाली गेली. आज रोहा तालुक्यातल्या शेकडो तरुणांना त्या पाण्यावर रोजगार मिळतो, तो मिळावाच. पण नदीकाठच्या एकाही फलकावर मुळशीचं नाव असू नये हे मला खटकतं. दोन तासांच्या थरारात ती एक ओळ जड झाली नसती.

दुसरी जागा उरणची. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. लाकूडफाटा आणि चराई यांवरचे जाचक वनकायदे मोडायला आगरी, कराडी, कातकरी, कोळी माणसं हजारोंनी जमली. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरीही होता. तेव्हा स्वातंत्र्याच्या मागणीने तिथे धारण केलेलं रूप अगदी ठोस होतं: डोंगरावर जाता यावं, तिथलं गवत-लाकूड आणता यावं. डोंगरावर मोकळेपणाने जाण्यासाठी या जिल्ह्यात माणसं मेली आहेत. भटकंतीला कोणी हलकाफुलका विरंगुळा म्हणतं तेव्हा मला त्या माळाची आठवण होते.

४. कायद्यात वाट कशाच्या आधारावर उभी आहे

आता युक्तिवादाच्या मुख्य टप्प्यावर येऊ. डोंगरउतारावरच्या पाऊलवाटेला कायद्याचं संरक्षण काय? मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेती, चराई, झाडं, पिकं यांसाठी वापरात असलेल्या जमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं विनाअडथळा वापराने खासगी जमिनीवरून जाण्याचा हक्क पक्का होतो, आणि सलग २० वर्षं वापर थांबला तर तोच हक्क संपुष्टात येतो.

या तरतुदी एकत्र वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. कायदा वाट ओळखतो ती शेतकऱ्याची, गुराख्याची, जमीन वापरणाऱ्याची. मौजेने चालणाऱ्याला या कलमांत जागाच नाही. माझ्या भटकंतीचा कायदेशीर आधार माझ्याकडे नाहीच. तो त्या गुराख्याकडे आहे. गुरं गेली, गवत कापायचं थांबलं, तर पायाखालची वाट झाडोऱ्याने बुजते तशीच कागदावरही विझत जाते.

ज्यांच्या पायांनी त्या वाटा सर्वांत जास्त मळल्या, त्यांचा कागद तर सर्वांत कच्चा. जुन्या कुलाबा जिल्ह्यात ठाकूर-कातकऱ्यांना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दळी जमिनी मिळाल्या, पण प्रत्येक कुटुंबाच्या नावाने सातबारा कधी झाला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्याची वाट खुली केली. तरी ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो तहसीलदारापुढे वहिवाटीचा दावा कशाच्या बळावर लावणार?

आणि हा कच्चेपणा उघडा पडण्याची वेळ नेमकी आता आली आहे. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढून पेण तालुका त्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईहून इथे पोचणं सोपं झालं. डोंगरपायथ्याला, आता तर उतारांवरही, फार्महाऊसचे तुकडे पडतात. विकत घेणारा पहिलं काम करतो ते तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. आत शंभर वर्षांची वाट असते. वाडीतली बाई फाटकापाशी थांबते, वळसा घालते आणि दोन महिन्यांनी जायचं सोडते. सहा महिन्यांची मुदत तिला कोणी सांगितलेली नसते. ट्रेकर त्याच फाटकापाशी येतो, चरफडतो आणि पुढल्या रविवारी दुसरा डोंगर निवडतो. पेण-रोह्यातल्या वाटा अशा न भांडता जात आहेत. वेफरच्या पाकिटापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे: पाकीट उचलता येतं.

५. हरकती

पहिली हरकत रोजगाराची. लोक येतात म्हणून गावाला पैसा मिळतो, मग हक्काची भाषा कशाला? पैसा मिळतो, पण तो सडकेला लागून ज्याचं घर किंवा जागा आहे त्याला. जेवण, तंबू, पार्किंग सगळं पायथ्याला. वाट राखणारी वाडी वर असते. इरशाळवाडीची आठवण इथे टाळता येत नाही. खालापूर तालुक्यातली ही ठाकूरवाडी इरशाळगडाच्या वाटेवर होती. वर्षानुवर्षं ट्रेकर तिच्या अंगणातून गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना चिखलाच्या त्याच चढणीवरून पायी जावं लागलं, यंत्रं नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. गिर्यारोहकांच्या संघटना मदतीला धावल्या, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण ज्या वाटेचा आपण आनंद घेतो तीच वाट आजारी माणसाला झोळीतून खाली आणण्याचीही एकमेव वाट असते, हे पर्यटनाच्या कोणत्या हिशेबात धरलं जातं?

दुसरी हरकत अधिक बोचरी. वणवे स्थानिकच लावतात, झाडं तेच तोडतात आणि डोंगरही तेच विकतात. यात तथ्य आहे. फाल्गुन-चैत्रात इथल्या डोंगरांवर आगीच्या माळा दिसतात आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या माणसाला दोष देता येत नाही. मात्र कारण जरा खोलवर पाहायला हवं. वणवा उभ्या वाळलेल्या गवतावरून वर चढतो. कापलेल्या माळावर त्याला फारसं खायला नसतं. गवताची किंमत गेली तिथे वणव्याला रान मोकळं झालं. शिवाय ज्याला उद्या या डोंगरावर आपला शब्द चालेल याची खात्री नाही, तो आज तो का राखेल? विकण्याचंही तसंच. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं, वाट दहा घरांची असते. विकणारा आपली जमीन विकतो आणि शेजाऱ्याची वाट त्यात फुकट जाते. वाटेची नोंद नसण्याचा हा दोष आहे, गावकऱ्याच्या स्वभावाचा नव्हे.

तिसरी हरकत शहरी भटक्यांची: गावाच्या हाती सूत्रं दिली तर पावत्या फाडल्या जातील आणि मोकळं फिरणं संपेल. पावती फाटली तर फाटू दे. ती वाट छाटण्याची मजुरी असेल तर मी आनंदाने भरेन. खरं भय मला उलट्या बाजूचं वाटतं. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे कामगार तरुण जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम शिरले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने तिथे पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळांवर चालण्याचा हक्क मिळाला. तिथल्या चालणाऱ्यांनी आपला विरंगुळा हा सार्वजनिक प्रश्न केला. आपल्याकडे तर चालणाऱ्याला एकट्याने लढण्याचीही गरज नाही. वाडीचा आणि त्याचा अडथळा एकच आहे, ते लोखंडी फाटक.

६. करायचं काय

शासनाच्या हाती जे आहे ते आधी. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाचा रोख आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षितता यांवर आहे. वाटेचं काय, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती नाही. त्याच वर्षीची मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना ट्रॅक्टर जाईल अशा शेतरस्त्यांसाठी. डोंगरावरची पाऊलवाट या दोन्हींच्या मध्ये निसटते. वास्तविक महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे: खासगी जमिनीवरून जाण्यायेण्याचे गावाचे रूढ हक्क लिहून ठेवण्याची. कोकणातल्या डोंगरी गावांत ही नोंद करायला घेतली तर नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. वनजमिनीवर वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं. कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात किती माणसं यावीत, तंबू कुठे नकोत, हे तिथे ठरायला हवं. रायगडला हे परकं नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या २२ गावांत महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर मतदान झालं होतं. एका सेझसाठी गावांना विचारता येतं, तर त्यांच्या डोंगरासाठीही विचारता येईल.

भटक्यांच्या हाती असलेलं काम त्याहून सोपं आहे आणि आजवर कोणी ते मनावर घेतलेलं नाही. प्रत्येक ट्रेकिंग गटाच्या फोनमध्ये त्यांनी चाललेल्या वाटांच्या तारीखवार रेषा साठलेल्या आहेत, काहींच्या दहा-पंधरा वर्षांच्या. वाट अस्तित्वात होती, वापरात होती आणि अमुक महिन्यापर्यंत मोकळी होती, याला या रेषा दुजोरा देऊ शकतात. त्या गावनकाशावर उतरवून ग्रामपंचायतीला द्याव्यात. कुंपण दिसलं की फोटो, तारीख आणि गट नंबर त्याच आठवड्यात वाडीतल्या माणसांच्या हाती द्यावा आणि ते तयार असतील तर अर्ज लिहायला त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत बसावं. अर्जदार तेच असतील, कारण कायदा त्यांनाच ओळखतो. सोबत जाणं, साक्ष देणं आपल्याला जमेल. आणि दिवाळीनंतर, गवत उभं असताना, एखादा रविवार गड न बघता वाडीबरोबर वाट छाटण्यात घालवावा. कोयता त्यांच्याकडे असतो, कुठली फांदी ठेवायची हेही त्यांनाच माहीत असतं. तारेचं कुंपण उभं राहिलं की सहा महिने मोजायला मात्र त्याच दिवसापासून लागायचं.